सुजाता, स्टँड भरला होता

सुजाता,

शनिवारी स्टँड भरला होता. अगदी वरच्या पायरीपर्यंत. तुला खोटं वाटेल म्हणून पुन्हा सांगते, तुझ्या कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल फायनलला बसायला जागा नव्हती. प्रत्येकाच्या दंडाला काळी फीत होती. आणि सामना सुरू व्हायच्या आधी तुझ्या नावानं एक मिनिट शांतता पाळली गेली.

शांतता! तुझ्या नावानं! माझ्या ओळखीत जर कुणी एक बाई अशी असेल जिच्या नावानं मैदानात गप्प बसणं हा तिचा अपमान ठरेल, तर ती तू. आणि ते सगळे कसे शहाण्यासारखे माना खाली घालून उभे होते. इतकी वर्षं ते कधीच ओरडले नव्हते, त्यामुळे गप्प बसायला त्यांना काही कष्ट पडले नसतील म्हणा.

गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायचं असतं, मला माहीत आहे. तुझा मिलिंद म्हणाला, "अनघा, इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तूच लिही, तू तिची सगळ्यात जवळची होतीस." मी हो म्हटलं. पण हे त्यांनी छापलं नाही तरी चालेल. तू गेल्याला महिनाही झाला नाही आणि रोज सकाळी बुओना व्हिस्टा स्टेशनला उतरून ऑफिसकडे चालताना माझ्या डोक्यात तुझ्याशी भांडण चालू असतं. कधीकधी ओठ हलतात. समोरून येणारे लोक बाजूला होतात.

आपली ओळखसुद्धा तुझ्या ओरडण्यामुळेच झाली. माझी ईशा नुकतीच टीममध्ये गोलकीपर झाली होती आणि तिचे ग्लोव्हज घरी राहिले होते, ते द्यायला मी धावतपळत आले होते. मैदानावर बावीस मुली, एक पंच, आणि त्या लांबलचक रिकाम्या स्टँडमध्ये छत्री घेऊन बसलेली एकच बाई. ती बाई पूर्ण ताकदीनं ओरडत होती, "अगं जा ना पुढे! उभी राहून काय पाहून राहिली!" ज्या मुलीला तू हे सांगत होतीस ती मलय होती. तिला एक अक्षर कळलं नसणार. पण ती धावली.

मी जवळ येऊन विचारलं, "तुम्ही मराठी?"

"नागपूरची. तुम्ही?"

"पुण्याची."

"मग तुम्ही मनातल्या मनात ओरडा," असं म्हणून तू छत्री माझ्या डोक्यावर अर्धी सरकवलीस. थोड्या वेळानं मी फोन काढला तेव्हा तू माझ्याकडे बघून म्हणालीस, "पोरगी खेळून राहिली अन् आई फोन पाहून राहिली. फोन घरी पाहता येते ना वं." ओळख होऊन पंधरा मिनिटंही झाली नव्हती. एरवी सोसायटीत कुणी मला असं बोललं असतं तर मी पुन्हा त्यांच्याकडे बघितलं नसतं. मी फोन ठेवून दिला.

तुझं मूलबाळ त्या टीममध्ये नव्हतं. तुला मूलच नव्हतं. तू त्या कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवायचीस आणि टीममधल्या मोजक्याच मुली तुझ्या वर्गातल्या होत्या. तरी प्रत्येक सामन्याला तू. सकाळचा असो, दुपारी कातडी भाजणाऱ्या उन्हातला असो, दुसऱ्या टोकाच्या मैदानावरचा असो. घरून, चोआ चू कांगहून, दोनदा गाडी बदलून यायचीस, पाठीवर ती जांभळी सॅक, तिच्यात पाण्याच्या बाटल्या आणि सोललेल्या संत्र्यांचा डबा. ईशा सुरुवातीला घरी येऊन म्हणायची, "आई, सुजाता आंटी सो लाउड लाह." मग हळूहळू ते "आंटी आली नव्हती अजून, आम्ही वॉर्मअप लांबवला" असं झालं.

का येतेस, असं मी एकदाच विचारलं. तू नागपूरला कॉलेजच्या टीममधून खेळायचीस, हे तेव्हा कळलं. मुलांचे सामने संध्याकाळी, मुलींचे भर दुपारी. मुलांच्या सामन्याला गर्दी, घोषणा, प्राचार्य. तुमच्या सामन्याला कुत्री आडवी पडलेली असायची मैदानाच्या कडेला. तू म्हणालीस, "गोल केला ना, तर आधी इकडेतिकडे बघायची मी. कुणी पाहिला का म्हणून. कुणीच नाही. मग वाटायचं, झाला का खरंच?" आणि लगेच डब्याचं झाकण उघडून "संत्रं घे" म्हणालीस. तुझं हे नेहमीचंच. बोलायचं आणि वर झाकण लावायचं.

म्हणून मला त्या बसच्या प्रकरणाचा इतका राग आहे. आपलं ते भांडण मिटलंच नाही.

कॉलेजात स्पिरिटची कमतरता होती असं कुणी म्हणू शकणार नाही. पहिल्या आठवड्यात नव्या पोरांना सभागृहात कोंडून घोषणा पाठ करून घेत होते. एका रंगाचे टीशर्ट, भिंतीवर मोठ्ठाली पोस्टरं, "एक कुटुंब, एक आवाज". सभागृहाचं छप्पर उडेल इतका आवाज. आणि मैदानावर शुकशुकाट. मग विद्यार्थी विभागाच्या प्रमुखांना कुणीतरी वरून विचारलं असेल, आणि त्यांनी बस सुरू केल्या. प्रत्येक वर्गानं पाळीपाळीनं सामन्याला यायचं. हजेरी घेतली जाईल, गुण मिळतील.

पहिल्या दिवशी आपण दोघी किती खूश होतो! दोन बस भरून पोरं. तू जास्तीची संत्री आणली होतीस. आणि मग काय झालं? अर्धी पोरं गृहपाठ काढून बसली. उरलेली फोनवर. एक शिक्षक हात वर करायचे तेव्हा टाळ्या वाजायच्या. आणि समोरच्या टीमनं गोल केला तेव्हा आपल्या स्टँडनं जोरात टाळ्या वाजवल्या, कारण आपल्या मुली कुठल्या रंगात खेळतायत हेच त्यांना ठाऊक नव्हतं. ईशा जाळ्यातून चेंडू काढत होती आणि तिच्याच कॉलेजची पोरं तिच्यावर झालेल्या गोलला टाळ्या वाजवत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. माझ्याच्यानं बघवलं नाही.

सोमवारी तू प्रमुखांच्या केबिनमध्ये गेलीस. काय बोललीस ते मला नंतर चोआ चू कांगच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपरीवर, कोपीचा कप थंड होईपर्यंत, हातवारे करून सांगितलंस. "मी म्हणाले, ही माणसं नाहीत, ह्या भरलेल्या खुर्च्या आहेत. यापेक्षा रिकामा स्टँड बरा. रिकामा स्टँड निदान टाळ्या तर वाजवत नाही!"

"आणि ते काय म्हणाले?"

"म्हणाले, ठीक आहे मॅडम, बंद करू. लगेच! त्यांना काय, बसचा खर्च वाचला."

"सुजाता, तू चुकलीस," मी म्हणाले.

"काहून?"

"दोनशे पोरांतली पाच तरी हळूहळू बघायला लागली असती. सुरुवात कशानं का होईना. माझ्या मुलीला नुसतं बसलेलं कुणी दिसलं तरी बरं वाटतं."

"हुकमानं आलेलं माणूस माणूस नसतं अनघा. मी आयुष्यभर बघितलंय. बोलावलं म्हणून येतात, फोटो काढतात, जातात. मला एकच येऊ दे, पण स्वतःच्या पायानं."

"आणि एकही आला नाही तर?"

"मी आहे ना."

मी आहे ना! हे तुझं उत्तर होतं. माझं डोकं तेव्हाही फिरलं होतं. आपण तिथून उठून आपापल्या वाटेनं गेलो. दुसऱ्या दिवशी तू इडल्या पाठवल्यास, मी डबा रिकामा परत पाठवला नाही, चिवडा भरून पाठवला, आणि आपण पुन्हा बोलायला लागलो. पण त्या विषयावर नाही. तू आपली बस हटवलीस आणि त्या अख्ख्या स्टँडचं काम एकटीच्या गळ्यावर घेतलंस.

या सीझनला तेच झालं. टीम कधी नव्हे इतकी छान खेळत होती आणि बघायला आपण दोघी. कधी कुणाचा भाऊ, कुणाची आजी. वर्गात तू पोरांना सांगायचीस, या, मजा येते. "शुअर, मॅडम" म्हणायची. एकही यायचं नाही.

सेमीफायनलच्या सकाळी मी पोचले तेव्हा तू स्टँडवर बसली होतीस आणि त्या उकाड्यात तुझ्या अंगात जॅकेट होतं. मी हात धरला. हात तापला होता.

"ताप आहे तुला."

"थोडा. कालपासून. डोळ्यांच्या मागे दुखतंय जरा."

"तुझ्या ब्लॉकखाली डेंग्यूचा लाल फलक लागलाय, तूच सांगितलंस मला. चल, उठ, डॉक्टरकडे जाऊ."

"सामना संपल्यावर."

"मी आहे इथं. मी बघते. तू जा."

"तू पुण्याची. तुझा आवाज गोलपर्यंत पोचतो का?" आणि हसलीस. मग मान वळवून त्या रिकाम्या पायऱ्यांकडे बघितलंस. हसणं गेलं. "बघ ना. कोण आहे? मी उठले तर कोण राहते?"

मध्येच विजांच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला, सगळ्यांना आत जावं लागलं. मी म्हटलं, आता तरी चल. तू जिन्याखाली भिंतीला टेकून बसलीस, डोळे मिटून, आणि पाऊस थांबल्यावर कठड्याला धरून पुन्हा वर चढलीस. शेवटच्या मिनिटांत आपण गोल केला. तुझ्या तोंडून आवाज निघाला नाही. तू नुसती उभी राहिलीस, दोन्ही हात वर करून. ज्या मुलीनं गोल केला तिनं स्टँडकडे बघितलं. तू होतीस.

संध्याकाळी मिलिंद तुला इस्पितळात घेऊन गेला. प्लेटलेट्स, रक्तदाब, मग आयसीयू. त्या आठवड्यात तू गेलीस. एका डासानं. माझा अजून विश्वास बसत नाही. इतकी मोठी बाई!

डॉक्टर म्हणाले की आधी आणलं असतं तर फरक पडलाच असता असं सांगता येत नाही. पडला नसता, असंही ते म्हणाले नाहीत. त्या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी राहते आहे सध्या. त्या दिवशी तिथं अजून दहा माणसं असती तर तू घरी पांघरूण घेऊन झोपली असतीस. नुसती दहा. जांभया देणारी का असेनात. तुझ्या त्या भरलेल्या खुर्च्या! मग तू म्हणाली असतीस, आज आहेत कुणीतरी, मी जाते. पण त्या खुर्च्या तूच उठवल्या होत्यास. मला याचा इतका राग येतो की मी हे लिहिताना उठून घरात चकरा मारून आले.

आणि तुझ्या अंत्यविधीला कोण नव्हतं! त्रिशरण पंचशील म्हणायला आपले नागपूरचे लोक होते, ते ठीक. पण मागे कॉलेजची माणसं रांगा लावून. एक प्राध्यापक मला म्हणाल्या, "मला नेहमी वाटायचं एकदा तरी सामन्याला यावं तिच्याबरोबर." मी विचारलं, "मग काय झालं?" असं विचारायचं नसतं. पण मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आता शनिवारचं ऐक.

बस आल्या. तू बंद केलेल्या बस, तुझ्याच नावानं परत सुरू. वर्गच्या वर्ग उतरले. दारात एक मुलगी यादीवर खुणा करत होती आणि काळ्या फिती वाटत होती. मिलिंद माझ्या शेजारी बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सामन्याला आला होता. सुरुवातीला हळूच विचारतो, "अनघा, ऑफसाइड म्हणजे नेमकं काय गं?" सुजाता, मला त्या बिचाऱ्याचाही राग आला. घरात तू असताना याला ऑफसाइड माहीत नाही! त्याला ते कळलं असावं. म्हणाला, "ती घरी येऊन सगळं सांगायची ना. मला वाटायचं मी बघितलंच आहे."

शांतता पाळून झाली. मग प्रमुखांनी माइक घेतला. तू कॉलेजच्या स्पिरिटची मूर्ती होतीस म्हणाले. आणि मग म्हणाले की पुढच्या वर्षापासून तुझ्या नावानं एक चषक देणार. कुणाला? सामन्यांना सगळ्यात जास्त हजेरी लावणाऱ्या वर्गाला.

स्टँडनं टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनी हात वर केला होता.

मी उठणार होते. खरंच उठणार होते, मला काय बोलायचं ते तयार होतं. पण माझ्याआधी मिलिंद उठला. तो मिलिंद, जो हॉकर सेंटरमध्ये चुकीचा पदार्थ आला तरी परत करत नाही. पायऱ्या उतरून खाली गेला, प्रमुखांच्या समोर उभा राहिला आणि इंग्रजीत, अगदी हळू आवाजात बोलला. पण माइक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं. "कृपा करून तिचं नाव देऊ नका. हजेरी बंद करा म्हणून ती तुमच्याकडे आली होती. पूर्ण आठवडाभर घरी मी तेच ऐकत होतो. तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरलो."

प्रमुख "ऑफ कोर्स, ऑफ कोर्स" म्हणाले. कुणीतरी माइक बंद केला. मिलिंद वर येऊन बसला. मी त्याला पाण्याची बाटली दिली. त्यानं ती नुसती धरून ठेवली.

सामना बरोबरीत सुटला आणि जादा वेळ सुरू झाला. तेव्हा बस निघायची वेळ झाली. कुणीतरी हात केला आणि अख्खा स्टँड उठला. विश्वास ठेव, फायनलच्या जादा वेळात! आपल्या मुली खाली जीव तोडून धावत होत्या आणि वरून पायऱ्यांवर शेकडो चपलांचा आवाज येत होता. ईशानं गोलमधून वर बघितलं. जाणाऱ्या पाठी बघितल्या. मी उभी राहून ओरडायला लागले, काय ओरडले ते आठवत नाही. शुद्ध मराठीत शिव्या असाव्यात. मिलिंद म्हणतो तसंच काहीसं होतं.

आणि मग दिसलं, खालच्या रांगेत काही पोरं बसलेलीच आहेत. सात-आठ असतील, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. त्यांतल्या एकीपाशी मी गेले. चष्मा लावलेली बारीक मुलगी, दंडावर फीत, मांडीवर दप्तर.

"तुझी बस गेली," मी इंग्रजीत म्हणाले. चांगलीच खेकसले असेन.

"आय नो, आंटी. नेव्हर माइंड लाह, एमआरटी ट्रेननं जाईन."

"का थांबलीस?"

तिला प्रश्नच समजला नाही. "अजून संपलं नाही ना," ती म्हणाली. मग मैदानाकडे बोट दाखवून विचारलं, "आपली गोलकीपर ना ती? तिचं नाव काय?"

"ईशा."

ती उठली, कठड्यापाशी गेली आणि ओरडली, "ईशाऽऽ!" आवाज फाटका, चुकीच्या जागी जोर. पेनल्टीच्या वेळी बाकीची पोरंही येऊन तिच्याजवळ उभी राहिली. मिलिंदही. आपण हरलो. ईशानं दोन अडवल्या, शेवटची तिच्या बोटांना लागून आत गेली. ती जमिनीवर बसून राहिली, मग उठून कठड्याकडे आली, त्या अनोळखी पोरांनी वरून हात खाली केले आणि तिनं ग्लोव्हज न काढता प्रत्येकाचा हात धरला.

त्या मुलीचं नाव ह्वी मिन. हिशोबशास्त्र शिकते. जाताना मला म्हणाली, "आंटी, पुढच्या सीझनला कधी आहे सामना?"

"बस नसेल," मी म्हणाले.

"नीड मीह?" ती म्हणाली. बस कशाला लागते, असं.

तर आता सांग. ही मुलगी कुणाच्या बाजूनं धरायची? यादीवर खूण होऊन आली होती ती, हुकमानं, बसमध्ये बसून. म्हणजे माझ्या बाजूनं. पण हुकूम परत जायचा झाला तेव्हा राहिली स्वतःच्या पायानं, म्हणजे तुझ्या. मी शनिवारपासून यावर तुझ्याशी वाद घालते आहे आणि तुझं बोलणंही मलाच बोलावं लागतंय. तुझ्यासारखं येत नाही मला ते. "काहून वं" म्हणताना माझा पुणेरी हेल तसाच राहतो.

लोक म्हणतात, हळूहळू राग निवळेल, मग चांगलंच तेवढं आठवेल. चांगलं मला आत्ताही आठवतंय, सगळंच्या सगळं. त्याच्यामुळेच तर राग आहे. मी तुझ्यावर चिडलेली आहे, सुजाता, आणि हे इतक्यात निवळावं असं मला मुळीच वाटत नाही.